आभार जरा लांबले त्याबद्दल

कामोठे,
रविवार, २२ जानेवारी २०१२

ती. सौ. रंभाताईंना हौसाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार मनाने पूर्ण आणि अंगाने अर्धा समजावा.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून चहात चोरून बिस्किटं बुडवतात? इकडे आम्ही सगळे मजेत. म्हणजे तुमचे बंधू आनंदा माझ्याशी बोलत नाहीत, शाळेत शिक्षक माझ्याशी बोलत नाहीत, आणि संस्थेचे अध्यक्ष दाजीशेठ जरा जास्तच बोलले, एवढं सोडलं तर सगळं कुशल आहे.

हातात मोबाइल असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. ताई, गुरुवारी तुमचा फोन आला तेव्हा बॅलन्स संपेपर्यंत तुम्ही बोललात आणि माझ्या वाट्याला "ताई, पण" एवढंच आलं, तेही एका दमात नाही. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधे बोलता येत नाही. तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे: "तुला कोनी सांगलेला मायीकवर जास्ती बोलाला? घरातला घरान ऱ्हवाला नको? माफी लिवून दे न मोकली हो." (जासईच्या शाळेत तुम्ही इतकं शुद्ध बोलता की परिपाठाला पोरं दचकतात, आणि रागावता मात्र माहेरच्या बोलीत. मला ते आवडतं. रागावणं नव्हे, बोली.) तुमचा सल्ला मी डोक्यावर घेतला आहे. शनिवारपर्यंत माफी लिहून द्या, नाहीतर चौकशी, असं संस्थेने कळवलं. आणि चौकशीत दोषी ठरले तर एवढ्या वर्षांची नोकरी जाईल, हे मलाही कळतं. फक्त झालं काय ते एकदा माझ्याकडून ऐका. तुमच्यापर्यंत ती गोष्ट केबलवरून, तुमच्या भावाकडून आणि मासळी बाजारातून पोचली आहे, आणि तिन्ही ठिकाणी तिला पदरचं मीठ लागलं आहे.

सुरुवात कमानीपासून. आमच्या शाळेला भिंती आहेत, फळे आहेत, मुलं तर वर्गात मावणार नाहीत इतकी आहेत, पण कमान नव्हती. दाजीशेठना ते फार लागायचं. कामोठ्यात मंडळाला कमान, मंगल कार्यालयाला कमान, आणि आपल्या शाळेला नुसतं फाटक. शेठ मनाने वाईट नाहीत हे तुम्ही जाणता. तुमच्या आबांबरोबर मिठागरात राबलेला माणूस. मग जमिनीचे पैसे आले, मग इमारती आल्या, मग शाळा आली आणि शाळेबरोबर पांढरे बूट आले. तर वडिलांच्या नावाने कमान उभी राहिली. वर दोन हत्ती, चार कलश, पुढे कारंजं, कारंज्याच्या मधोमध सिमेंटचा बगळा आणि त्याच्या चोचीतून पाणी. संध्याकाळी त्याच्यावर हिरवे-तांबडे दिवे लागतात. बगळा दिसायला देखणा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार पाण्याबद्दल आहे. कमानीचा पाया खणताना मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारी पाइप तुटली. तुटली तर जोडता आली असती, पण कारंज्याला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न कंत्राटदारापुढे होताच, आणि पाइपचं तुटलेलं टोक नेमकं बगळ्याच्या पायाशी निघालं. त्याने ते बगळ्याला जोडून टाकलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मुलींच्या बाजूला कुलूप होतं, ते आजही आहे. आम्हा शिक्षिकांचीही सोय तिथेच, त्यामुळे आम्ही मधल्या सुट्टीत शमा मॅडमच्या घरी जातो. त्या विज्ञान शिकवतात आणि शाळेमागच्याच इमारतीत राहतात. (त्यांचे फारूकभाई आखातातून कायमचे परत आले ते घरी निवांत पेपर वाचायला. आता आम्हा सगळ्यांची वेळ त्यांना पाठ झाली आहे. घंटा झाली की ते पेपर घेऊन गच्चीवर जातात.) पण इतक्या मुलींनी कुणाच्या घरी जायचं?

मुलींनी आपला उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. माझ्या नववीत नशरा नावाची मुलगी आहे, कविता म्हणायला उभी राहिली की मागच्या बाकावरचे सुद्धा खोड्या विसरतात. ती तापाने पडली, लघवीला जळजळ, घटक चाचणीला बसलीच नाही. डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं, भरपूर पाणी पाजा. ती परत आली त्या दिवशी मी माझी बाटली तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, बाकाखाली ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, घरी जाऊन पिते." मी फळ्याकडे वळले आणि उगीचच तारीख पुसून पुन्हा लिहिली. आमचे मुख्याध्यापक प्रभाकर सर (सज्जन आहेत, घाम फार येतो) यांना मी तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं, पालकसभेच्या आधी सांगितलं आणि नंतरही सांगितलं. दर वेळी त्यांचं एकच, "उद्घाटन होऊ द्या, मॅडम." जणू काही फीत कापली की बगळा उडून जाणार होता.

आता उद्घाटनाकडे येते. आमच्याकडे प्रास्ताविक मुख्याध्यापकांचं, सूत्रसंचालन ज्याला आवाज आहे त्याचं, आणि आभार मराठीच्या बाईंचे, म्हणजे माझे. हे काम मला आवडतं, कारण आभार कोणी ऐकत नाही. 'आता आभारप्रदर्शन' असं म्हटलं की पाहुणे चपला शोधतात, मागे खुर्च्या मिटायला लागतात, आणि मी मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांना भराभर धन्यवाद देऊन खाली उतरते. इतकी वर्षं मी व्यासपीठावरून बोलते आहे आणि माझं एक अक्षर कुणी ऐकलेलं नाही. (घरी सराव आहेच.)

पण त्या दिवशी बटाटेवडे आले नाहीत. वडे तुमच्या जासईच्या माणसाकडे सांगितले होते, नाव तुम्हीच सुचवलं होतं, आणि त्याचा टेम्पो तुमच्याच गावाबाहेर कंटेनरच्या रांगेत अडकला. (मी दोष देत नाही, नोंद करते.) पाहुण्यांना वड्याशिवाय सोडायची आमच्या संस्थेत रीत नाही, तेव्हा कुणी उठेना. प्रभाकर सर कनातीआडून मला दोन्ही हातांनी खूण करत होते, पिठाचा गोळा लांबवावा तशी. ताणा. मी ताणलं. मंडपवाल्याचे आभार मानले, मग त्याच्या वडिलांचे, की त्यांनी त्याला या धंद्यात घातलं. रांगोळी काढणाऱ्यांचे मानले, ती न तुडवणाऱ्यांचे मानले. ऊन बेताचं पडलं म्हणून सूर्याचे मानले. टेम्पो नाहीच. समोर सगळा मंडप गप्प बसून माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते, ताई, आणि आभार मानायला माझ्याकडे माणूस उरला नव्हता.

तेव्हा माझी नजर पुढे ताडपत्रीवर गेली. नववीच्या मुली सकाळपासून तिथे बसल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले, नशरा पहिल्याच रांगेत. मी म्हणाले, या मुलींचे आभार, त्यांनी सकाळपासून पाणी घेतलेलं नाही, कारण पाणी प्यायल्यावर जायचं कुठे हा प्रश्न त्यांना आजच्या शुभदिवशी पाहुण्यांपुढे आणायचा नव्हता. त्यांच्या आयांचे आभार, की त्या डॉक्टरची फी शाळेकडे मागत नाहीत. आमच्या शेजारधर्माला जागणाऱ्या फारूकभाईंचे आभार. आणि सगळ्यात शेवटी मुलींच्या स्वच्छतागृहाचे आभार, की त्याने आपलं सगळं पाणी कुरकुर न करता या बगळ्याला दिलं. मला कुणाला टोमणा मारायचा नव्हता. (थोडा होता.) टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळी प्रमुख पाहुण्यांची, कारण त्यांना वाटलं संपलं. आणि तेवढ्यात वडे आले.

तिथेच ते मिटलं असतं, वड्याबरोबर माणूस पुष्कळ गोष्टी गिळतो. पण शेठनी उद्घाटनाचं शूटिंग केबलवर दाखवायचं ठरवलं होतं आणि पैसे भरले होते, त्यामुळे केबलवाल्याने ते इमानाने पूर्ण दाखवलं. आठवडाभर, एका बाजूला रो-हाऊसची जाहिरात, दुसऱ्या बाजूला साड्यांचा सेल, आणि मधे मी, सूर्याचे आभार मानताना. पालक शाळेत यायला लागले. सोमवारी नववीच्या मुलींनी रांग लावून बगळ्याच्या चोचीखाली बादल्या भरल्या आणि त्या बंद कुलपापुढे ओळीने नेऊन ठेवल्या. मी सांगितलं नव्हतं, माझी शपथ. संस्थेने मात्र लगेच हालचाल केली. कुलूप तसंच ठेवलं आणि बगळ्याला वॉचमन दिला. एवढे दिवस पाइप जोडायला माणूस मिळत नव्हता, बगळा राखायला दोन पाळ्यांत मिळाले.

मग नोटीस. शाळेचं सगळं मराठी मीच लिहिते हे तुम्हाला ठाऊक आहे, निमंत्रणं, मानपत्रं, दुखवट्याचे ठराव. त्या सवयीने प्रभाकर सर एक कच्चा मजकूर घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवला आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, "मॅडम, जरा भाषा बघता का? संस्थेला आजच पाहिजे." मी पेन घेऊन बसले. निम्म्यावर आल्यावर कळलं की नोटीस मलाच आहे. 'आपण आभार कोणत्या हेतूने मानले याचा खुलासा करावा' असं त्यात होतं. मी वर बघितलं तर सर खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "दुसरं कोण लिहिणार, तुम्हीच सांगा." आता इथे मला राग यायला हवा होता, ताई, पण संस्थेची बदनामी केली ते वाक्य इतकं मिळमिळीत होतं की मला राहवेना. मी त्यात 'जाहीर व्यासपीठावरून' आणि 'हेतुपुरस्सर' घातलं. वाक्य उभं राहिलं. आता शिक्षक संघटनेचे लोक म्हणतात की सगळ्या नोटिशीत तुम्हाला जड जाणार आहेत ते हेच दोन शब्द.

नोटिशीबरोबर बाकीचं आलं. नववी माझ्याकडून काढून घेतली आणि मला ग्रंथालय दिलं. ग्रंथालयात पुस्तकं नाहीत, उरलेले हत्ती आहेत. (चार मागवले होते, दोनच बसले.) मी दिवसभर दोन हत्तींसमोर बसते. ते शांत आहेत, लक्ष देतात, शिक्षक म्हणून मला तक्रारीला जागा नाही. शिक्षकखोलीत मी गेले की सगळ्यांना वह्या तपासायची आठवण होते. तुमच्या भावाच्या खडीच्या गाड्या शेठच्या इमारतींवर जायच्या, त्या थांबल्या. आनंदा मला काही म्हणत नाहीत, फक्त जेवताना आमटीची वाटी पुढे सरकवतात ती आवाज करून. शमा मॅडमनी मला जिन्यात गाठून हात धरला. "हौसाताई, दिल से मी तुमच्याबरोबर आहे. जबान मात्र बंद, समजून घ्या, मारियाचं लग्न ठरतंय." मारिया त्यांची थोरली. मी समजून घेतलं. अर्ध्या शाळेने मला अशी मनातून साथ दिली आहे, मनं जर मस्टरवर सही करत असती तर माझं बहुमत होतं.

मंगळवारी शेठनी बंगल्यावर बोलावलं. आल्याचा चहा दिला, चांगला होता. म्हणाले, "हौसाबाय, तू आबांची सून, म्हंजे आमच्या घरची. घरातला दुखना घरान सांगाचा. मायीकवर कनाला?"

मी म्हटलं, शेठ, घरातच सांगत होते दिवाळीपासून.

"मंग आजून थोरा थांबाचा व्हता."

मी म्हटलं, मला थांबता येतं, मुलींना येत नाही. शेठ कपातला चहा ढवळत म्हणाले, "पानी देन मी. उद्या देन. पन हौसा बोलली म्हनून दिला आसा व्हता कामा नय. आदी तुजी माफी, मंग पानी." आणि माफीबरोबर सगळ्या शिक्षकांच्या सह्यांचं एक हमीपत्र: यापुढे शाळेच्या स्थितीबद्दल कुणीही बाहेर एक शब्द बोलणार नाही.

ताई, तुम्ही फोनवर म्हणालात, तुझं काय जातं दोन ओळी लिहायला. खरंच काही जात नाही, मी दोन पानं लिहिते. त्या रात्री बसले. नशराचं तोंड डोळ्यांपुढे आणलं आणि म्हटलं, हिला पाणी मिळत असेल तर माझी मान वाकली म्हणून काय झालं, तुम्हाला वाकून वाकून मानेला सवय आहे. लिहायला घेतलं: मी बोलले ते खोटं होतं. पण बगळा तर समोर उभा आहे. खोडलं. बोलले ते खरं होतं पण बोलायला नको होतं. हे वाचल्यावर मला स्वतःचीच वही तपासल्यासारखं वाटलं. खोडलं. मग नुसतंच लिहिलं, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. ते जमलं, कारण दिलगीर मी आहेच. तरी ते हमीपत्र राहत होतं. पाइप आज जोडतील, ती पुन्हा तुटेल, पाइपच ती. उद्या छप्पर गळेल, परवा प्रयोगशाळेत कुणाला शॉक बसेल. तेव्हा सांगायचं कुणी? बगळ्याने? शमा मॅडमनी हमीपत्रावर सही केली आणि त्याच दुपारी नववीच्या मुलींना वर्गात सांगितलं, मधल्या सुट्टीत दहा-दहा जणी माझ्या घरी चला. सही बोलण्यावर आहे, चालण्यावर नाही, असं त्यांचं म्हणणं. फारूकभाईंनी गच्चीवर आता खुर्ची आणि छत्री नेली आहे.

असो. मन मोकळं झालं. तुमची काळजी कळते मला, तुम्ही ओरडता तेव्हा जास्तच कळते. तुम्हाला या भानगडीत ओढायची माझी मुळीच इच्छा नाही, तुमची निवृत्ती जवळ आली आहे, ती सुखाची होवो. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या बिस्किटांना नाही. धनेशला मामीचा आशीर्वाद.

तुमची,
हौसा

ता. क. धनेशबरोबर सुका जवळा पाठवते आहे. वाळू नीट झटकून घ्या.

ता. क. दुसरा. शनिवार काल झाला. मी प्रभाकर सरांना पाकीट दिलं, पण त्यात माफी नव्हती. चौकशी समितीत तिघं असतात: एक संस्थेचा, एक पुरस्कारवाला शिक्षक, आणि एक मी सुचवायचा, कुठल्याही खाजगी शाळेतला नोकरीत असलेला. मी तुमचं नाव दिलं आहे. आधी विचारायला हवं होतं हे मान्य, पण विचारायला फोन केला असता तर तुम्हीच बोलला असतात. तुमच्या संस्थेचे अध्यक्ष दाजीशेठांचे व्याही आहेत, तुम्हालाही हत्तींसमोर बसवू शकतात, हे मी विसरलेले नाही. नाही म्हणालात तर मनात काही ठेवणार नाही. पण माझा विचार ऐका. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही माझी बाजू एकदाही घेतलेली नाही, भाताच्या पाण्यापासून मुलांच्या नावांपर्यंत, आणि हे पनवेलपासून उरणपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही माझ्या बाजूने झुकलात असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. आणि जे माझ्या तोंडावर म्हणालात ते माझ्या मागे तुम्ही कधी बदललेलं नाही. असं माणूस मला दुसरं मिळालं नाही, शोधलं मी. तुमचं नाव वाचून प्रभाकर सर खाली बसले.

ता. क. तिसरा. पहिली बैठक आमच्या शाळेतच आहे, एक फेब्रुवारीला, अकरा ते चार. माझ्याविरुद्ध लिहावंसं वाटलं तर खुशाल लिहा, मी तुमचा हात धरणार नाही. माझी अट एकच आहे. निघताना घरी दोन कप चहा घ्या, वर तांब्याभर पाणी. आणि शमा मॅडमचं घर कुणी दाखवलं तरी जाऊ नका.